खळ्यातली व्ही-एट

"पाणी संपलं असणार, नाना. ड्रायव्हरने सकाळी बघितलं नसेल," एवढं फोनवर सांगून मी जेवणाचा डबा उघडला.

बंद पडलेली गाडी मी पाहिलीही नव्हती. ती निफाडजवळ रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभी होती. पाच लिटरची अमेरिकन व्ही-एट. म्हणजे इंजिनात आठ सिलिंडर, चार या बाजूला, चार त्या बाजूला. आपल्या घरगुती गाडीची चार इंजिनं एकत्र केली तर होईल तेवढं धूड. ताकद जबरदस्त, आणि उष्णताही तेवढीच.

नाना विंचूरचे कांद्याचे व्यापारी. गाडी त्यांच्या मुलाची, विकासची. दोन वर्षांपूर्वी तो आजारपणात गेला. नानांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. पण विकायचा विषय कुणी काढला की ते उठून जातात. त्यांचा जुना ड्रायव्हर दौलत महिन्यातून एकदा त्यांना याच गाडीतून त्र्यंबकेश्वरला न्यायचा. त्या दिवशीही ते तिकडेच निघाले होते.

तासाभराने नानांचा परत फोन आला. "मिस्त्री, टोइंगवाला गाडी घेऊन निघाला. दौलतला काढून टाकला मी. तिथंच चावी काढून घेतली हातातून. पोराची एवढी एक वस्तू राहिली, ती बी सांभाळता येऊ नाय?"

दौलत त्यांच्याकडे अठरा वर्षं होता. ऐकून वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, फार नाही वाटलं. चूक ड्रायव्हरचीच असते, हे आम्हा गॅरेजवाल्यांचं आधीच ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी नाशिकला, अंबडच्या माझ्या गॅरेजात बॉनेट उघडलं. मला धास्ती हेड गॅस्केटची होती. इंजिनाचे दोन भाग जिथे जुळतात तिथे ही पातळ पट्टी असते. इंजिन फार तापलं की ती जळते आणि खर्चाला मग अंत नसतो. प्रेशर टेस्ट लावली. दाब भरल्यावर काटा खाली उतरला नाही. गॅस्केट शाबूत! म्हणजे तापमान चढताच दौलतने इंजिन बंद केलं होतं. आणखी दोन किलोमीटर रेटली असती तर सगळं संपलं होतं. हलगर्जी माणूस असं करत नाही.

गळती कुठेच नव्हती. थर्मोस्टॅट ठीक, वॉटर पंप ठीक, पंखे ठीक. मग तापली कशाने? शेवटी पुढचा बंपर उतरवला. समोर एसीची जाळी असते, तिच्यामागे रेडिएटर. दोघांत बोटभर फट. ती फट कांद्याच्या सालांनी गच्च भरली होती. लाल, वाळकी, धुळीने थापून बसलेली सालं. घमेलंभर निघाली. हवा जायला जागाच नव्हती.

नानांना फोन लावला. "गाडी उभी कुठे असते हो?"

"खळ्यात. दुसरी जागा कुठं हाय? अन् रोज दहा मिनिटं चालू करत जा, तुम्हीच तर सांगितलं होतं. एक दिवस चुकवला नाय. मी स्वतः करतो."

सांगितलं होतं खरं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, म्हणून मी सगळ्यांनाच सांगतो. पण खळं म्हणजे कांदा निवडून गोण्या भरायची जागा. तिथे दिवसभर सालं उडतात. गाडी जागेवर चालू राहिली की पंखा समोरची हवा जोरात ओढतो, आणि हवेबरोबर सालं. नाना रोज पोराची आठवण म्हणून चावी फिरवत होते आणि रोज गाडीचा गळा आवळत होते.

रस्त्यावरचा कचरा होता, असं सांगून सुटता आलं असतं. तो विचार मनात आला, हेही कबूल करतो. पण मग दौलतचं काय? नानांना बोलावून घेतलं आणि घमेलं पुढे ठेवलं.

त्यांनी मूठभर सालं उचलली. "म्हंजे, मीच?"

"चालू तुम्ही केलीत, सांगितलं मी. आणि पाणी बघितलं नसेल, हे न पाहता बोललो तेही मीच. दौलतने इंजिन वाचवलंय, नाना."

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "पाणी बघितलंय, असं तो सांगत होता मला. मी ऐकलंच नाय."

आम्ही दोघे दौलतच्या घरी गेलो. नानांनी हात जोडले, चावी पुढे केली. दौलतने आधी पाणी दिलं. मग खाली बघत म्हणाला, "नाना, तुम्ही आले, माझ्या मनात आता काही नाय. त्र्यंबकला जायचं असंल तवा सांगा, विकासदादाच्या गाडीसाठी येईन. पण नोकरीला नाय येणार. चावी घेतली तवा माझी पोरगी मागं बसलेली होती. तिला कॉलेजवर सोडायचं होतं. तिनं सगळं बघितलं."

नानांनी चावी परत खिशात ठेवली.

गाडी आता खळ्यापासून लांब, पत्र्याच्या बंद शेडमध्ये असते. पुन्हा कधी तापली नाही. दौलत दुसऱ्या व्यापाऱ्याचा पिकअप चालवतो. मी मात्र हल्ली बॉनेट उघडण्याआधी गाडी उभी कुठे असते ते विचारतो, आणि फोनवर कुणाची चूक सांगत नाही. विचारायला काही पैसे पडत नाहीत. त्या दिवशी मी विचारलं नाही, त्याची किंमत दौलतने भरली.