तळहातावरचा तेल्या

माझं माहेर यवतचं, म्हणजे उसाचं. उसाला काय झालंय ते मला बांधावरून कळतं. डाळिंब मात्र मी लग्न होऊन कवठे येमाईला आल्यावर जवळून पाहिलं, आणि तरी आमची डाळिंबाची बाग माझ्याच गळ्यात पडली. नवरा शिक्रापूरला कारखान्यात. त्याची पाळी सतत बदलते, त्यामुळे तो घरी असतो तेव्हा बहुतेक झोपलेला असतो. बांधापलीकडे थोरल्या दिरांची बाग. नवरा त्यांना दादा म्हणतो म्हणून मीही दादाच म्हणते. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण येणंजाणं राहिलं. दादा माझ्याशी बोलताना झाडाकडे बघतात आणि मी पदर सावरून बांधाकडे बघते, एवढीच काय ती रीत.

आमच्याकडे तेल्या हा शब्द हळू आवाजात बोलतात. डाळिंबाच्या पानावर, फळावर तेल सांडल्यासारखा डाग पडतो, मग फळ तडकतं, आणि पावसाळी वारा तो रोग या झाडावरून त्या झाडावर नेतो. पण लोक रोगापेक्षा त्याच्या बोभाट्याला जास्त भितात. अमक्याच्या बागेत तेल्या आला असं व्यापाऱ्याच्या कानावर गेलं की तो त्या वस्तीकडे गाडीच वळवत नाही. म्हणून ज्याच्याकडे येतो तो गप्प बसतो, डागी फळं गुपचूप तोडून खड्ड्यात पुरतो आणि पारावर येऊन हवापाण्याच्या गप्पा मारतो. याचा परिणाम असा की इतकी वर्षं डाळिंबात काढून मी तेल्या डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. दाखवणार कोण?

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी दौंडहून स्कूटीवर यायला लागली. शेतीची पदवी घेतलेली, अंगाने किरकोळ, बोलायला चुणचुणीत. पानाचा फोटो काढला की रोग ओळखणारं ॲप तिची कंपनी करत होती आणि त्यासाठी तिला फोटो हवे होते, निरोगी पानांचे आणि रोगट पानांचे. निरोगी म्हटल्यावर सगळं गाव पुढे झालं. मी स्वतः तिला बागेत नेलं, सगळ्यात भरलेलं झाड दाखवलं आणि नवी साडी नेसून त्याच्या मागे उभी राहिले. ती बिचारी म्हणाली, "काकू, जरा बाजूला व्हा, नुसतं पान पाहिजे." मला अपमान वाटला, खोटं कशाला बोलू.

रोगट पानं मात्र कोणाकडेच नव्हती. "आमच्याकडं न्हाई बा तसलं काय," असं ती घरोघर ऐकत फिरली. मग तिने शब्द दिला की नाव लिहिणार नाही, गाव लिहिणार नाही, बागेत येणारही नाही. त्यानंतर तिला पानं मिळाली, कोणाची ते कोणाला कळलं नाही. आम्हाला वाटलं, दुसऱ्या गावांत मिळाली असतील.

या वर्षी ॲप आमच्या फोनमध्ये आलं आणि त्याच सुमाराला माझ्या बागेत, दादांच्या बांधालगतच्या दोन ओळींमध्ये, पानांवर काळपट ठिपके दिसले. त्या ओळी आम्ही सगळ्यात आधी लावलेल्या. बोअर बंद पडलं होतं त्या उन्हाळ्यात मी त्यांना हंड्याने पाणी घातलंय. बाकीच्या बागेवर माझा जीव आहे, पण या दोन ओळींवर जरा जास्तच आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

वारा होता, डहाळी स्थिर राहीना, म्हणून मी एक पान तोडलं, तळहातावर ठेवलं आणि फोटो काढला. फोन लगेच म्हणाला, तेल्या. शंका नाही, विचार नाही, लाल अक्षरात तेल्या. आणि माझं नशीब असं की दादा पलीकडे ठिबकची नळी बघत होते.

"काय म्हणतुय फोन?" त्यांनी विचारलं.

लपवायला पाहिजे होतं. सगळे लपवतात. पण मला ते सुचलं नाही आणि मी फोन पुढे केला. त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही. फोनकडे पाहिलं, मग बराच वेळ स्वतःच्या झाडांकडे.

"ह्या दोन वळी काढून टाका," ते म्हणाले. "माझ्या बागंला बांध लागून हाय. जेसीबी मी सांगतो."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मशीन म्हणतंय ना, मग असंल. आमच्या लायनीवर कॅमेरा हाय, त्यो पार्ट रिजेक्ट करतो. कुणी त्याच्याशी भांडत न्हाई." मी म्हटलं, झाड म्हणजे पार्ट आहे का? तर म्हणतो, "दादाला इचार, दादाला कळतंय." दादांनीच तर काढायला सांगितलं होतं. या घरात कोणाला काही विचारलं की उत्तर फिरून तिथेच येतं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. मी त्याच झाडाचा, तसल्याच ठिपक्यांच्या पानाचा फोटो काढला, या वेळी न तोडता. फोन म्हणाला, निरोगी. शेजारचं पान घेतलं, निरोगी. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मग वाटलं, काल तेल्या आणि आज निरोगी, असं कसं? झाड काय रात्रीत दवाखान्यात जाऊन आलं? दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "दव पडल्यालं असतंय, चुकलं आसंल. कालचंच खरं." कालचं खरं आणि आजचं खोटं हे यांनी कशावरून ठरवलं, ते मला समजेना. मी डोळे ताणून ठिपके बघत राहिले. एकदा बघावं तर तेलकट वाटत, पुन्हा बघावं तर साधी बुरशी वाटे. शेवटी माझाच माझ्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. जेसीबी नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी येणार असं ठरलं.

त्यात माहेरी जागरण-गोंधळ निघाला. जायला तर हवंच. शिरूरहून चौफुला, चौफुल्याहून यवत, एसटीत सगळा रस्ता मी ठिपक्यांचाच विचार करत गेले. भावाच्या अंगणात डाळिंबाचं एकुलतं एक झाड आहे. आईने पूजेपुरतं लावलेलं, त्याला कधी औषध नाही की खत नाही, पण पान असं तुकतुकीत की बघत राहावं. पाहुणे पांगल्यावर मी चाळा म्हणून त्याचं एक पान तोडलं, तळहातावर ठेवलं, फोन धरला. तेल्या.

मी ते पान झटकून टाकलं. वाटलं, हा रोग मीच पदरात बांधून माहेरी आणला. मग तेच झाड, न तोडलेलं पान: निरोगी. मग भावजयीने विचारलं, "वन्सं, काय चाललंय?" तिला उत्तर द्यायच्या नादात मी पेरूचं पान हातावर घेतलं. तेल्या. मग कढीपत्ता. तेल्या. शेवटी काहीच न घेता मी नुसता रिकामा हात धरला, आणि माझ्या हातालाही तेल्या झाला. भावजय हसून हसून ओट्यावर बसली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण तिकडे दोन ओळी या असल्या उत्तरावर जाणार होत्या.

दौंडच्या मुलीचा नंबर होता. यवत तिला जवळ, ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. मी तिच्यापुढे सगळे प्रयोग करून दाखवले. कढीपत्त्यापर्यंत ती हसत होती, रिकाम्या हाताला तिचं हसू गेलं. तिने खाटेवर लॅपटॉप उघडला.

"काकू, आम्ही मशीनला काही शिकवत नाही तसं," ती म्हणाली. "नुसते फोटो दाखवतो. हे रोगट, हे निरोगी. काय बघून ओळखायचं ते त्याचं ते ठरवतं."

मग तिने रोगट फोटो उघडले. सगळे हात होते. काळे, भेगाळलेले, हळदीचे, बांगड्यांचे, एका हातावर कोणाचं तरी नाव गोंदलेलं. प्रत्येक हातावर एक डागी पान. झाडावरचं पान एकही नव्हतं. असणार कसं? बागेत कोणी येऊच दिलं नव्हतं. लोकांनी पान तोडून, मुठीत झाकून, रस्त्यावर तिच्याकडे आणलं होतं. आणि निरोगी फोटो सगळे झाडावरचे, ऐटीत काढलेले, त्यांतल्या एकाच्या कडेला माझ्या नव्या साडीचा काठसुद्धा दिसत होता. मशीनने पान बघायच्या भानगडीत न पडता हात बघून निकाल द्यायचं ठरवलं होतं. आमच्याकडून ते जे शिकलं ते तसं बरोबरच शिकलं होतं, हात पुढे आला म्हणजे तेल्या.

"माझ्या कसं लक्षात आलं नाही," असं ती स्वतःशीच म्हणत फोटो पुढे सरकवत होती. मी तिला समजवायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "थांब. मागं घे."

एक रुंद तळहात होता. अंगठ्याचं टोक नव्हतं. कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं ते टोक, त्या वेळी दवाखान्यात मीच सोबत होते. त्या हातात मी कितीतरी वर्षं चहाचा कप दिलाय. दादांचा हात, आणि त्यावर डाळिंबाचं डागी पान.

"कोणाचा आहे?" तिने विचारलं. "नावं आमच्याकडे नाहीत. तसा शब्द दिलेला."

"ओळखीचा वाटला," मी म्हणाले. "कवाचा हाय?"

"मागच्या पावसाळ्यातला."

परतीच्या एसटीत मी आधी रागाने पेटले होते. वर्षभर याच्या बागेत तेल्या, आणि हा माझी झाडं काढायला सांगतो. मग वाटेत न्हावऱ्याच्या आसपास वाटायला लागलं, ते पान त्यांनी दुसऱ्याच्या बागेतून आणलं असेल. मग वाटलं, दुसऱ्याच्या बागेत यांना कोण जाऊ देणार? शिरूर येईपर्यंत मी त्यांना अनेकदा दोषी केलं आणि अनेकदा सोडलं. घरी पोहोचले तर बांधावर जेसीबी उभा. चालक सावलीला डबा खात होता, नवरा घरात झोपलेला, आणि दादा माझ्या पहिल्या झाडाशी उभे.

मी चालकाला म्हटलं, "भैया, आप खाओ, अभी रुको." मग दादांकडे गेले. त्या दिवशी मी बांधाकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे पाहिलं.

"दादा, मागच्या पावसाळ्यात त्या पोरीला पान दिलं व्हतं ना तुम्ही? हातावर?"

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

"व्हय," ते म्हणाले.

"तुमच्याच बागंतलं?"

"माझ्याच."

"मंग माझ्या वळी कशापायी काढायच्या?"

"कुणाकडनं कुणाकडं आला, मला न्हाई ठावं," ते झाडाशी बोलावं तसं बोलले. "तुमच्या वळी निघाल्या असत्या म्हंजी त्यो तुमच्याकडनं आला आसं झालं आसतं. गावानं तेच धरलं आसतं."

इतकं सरळ सांगितल्यावर भांडायचं कसं, मला कळेना. मी किती काय काय बोलणार होते, एसटीत सगळं जुळवून आणलं होतं. ओळी वाचल्या होत्या, जेसीबी परत जाणार होता, आणि मला हलकं वाटत होतं. ते क्षणभरच. मशीन हात बघून बोलत होतं, खरं. पण वाऱ्याला बांध कळत नाही, आणि बांधापलीकडे वर्षभर तेल्या होता. मग माझ्या झाडावर काय होतं?

"दादा," मी म्हटलं, "मी कवा बघितलाच न्हाई त्यो. तुम्ही बघा. खरं सांगा."

ते बांध ओलांडून आत आले. पान तोडलं नाही. डहाळी वाकवून उन्हासमोर धरली आणि मलाही बघायला खूण केली. ठिपक्याच्या कडेने ऊन पलीकडून आरपार येत होतं, तेल लागलेल्या कागदातून यावं तसं.

"वरीसभर रोज बघतोय मी त्याला, एकटाच," ते म्हणाले. "तेल्याच हाय."