गुडघ्याएवढं पाणी

माझं काम तसं सोपं. घरोघर जायचं, पुराचं पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं ते टेपनं मोजायचं, टॅबमध्ये भरायचं आणि बेळगावला परत यायचं. त्या आकड्यांवरून नकाशावर गल्ल्यांना रंग मिळतात. लाल गल्लीतल्या घरांची जोती उंच करायला पैसे येतात, हिरवीला दमडी मिळत नाही.

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठावरची माझ्या थोरल्या बहिणीची गल्ली माझ्याच यादीत आली. तिथं पूर ओसरला की चिखल काढायच्या आधी घरातली बाई दाराशेजारच्या भिंतीवर पाणी चढलं होतं तिथं खिळ्यानं रेघ ओढते. मला वाटलं, रेघा मोजायच्या आणि आक्काकडं जेवून परतायचं.

गेले तर आक्काची भिंत पांढरीशुभ्र. ताज्या चुन्याचा वास येत होता.

"रेघा कुठं गेल्या गं?"

"पुसल्या. उद्या संकेश्वरचं पावणं घर बघाय येणार हाईत. रेघांपायी पोराची दोन स्थळं मोडली. तू बी गुडघ्याएवढंच लिव."

"छातीएवढं आलतं, आक्का. मी आलते की चिखल काढाय. गल्ली हिरवी पडली तर जोतं उंच हुणार न्हाय."

"जोतं पुढच्या साली बी हुईल. पोरगं तिशी पार झालं."

मला लई राग आला. पण पोराचं लग्न ठरेना म्हणून आक्का रडायची, तेही मी ऐकलं होतं. शेजारी गेले, तिथंही चुना. एका भिंतीवर रेघ राहिली तर दुसरीचं खोटं उघडं पडणार, म्हणून आक्काच्या पोरासाठी अख्ख्या गल्लीनं भिंती रंगवल्या होत्या. रेघ नसेल तर घरमालक सांगेल ते लिहावं, असा आमचा नियम आहे. त्या नियमाआड मी लपले आणि सगळ्या घरांपुढं गुडघा लिहिला.

रात्री मी आक्काकडंच राहिले. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. चहा झाल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "मोजणाऱ्या तुम्हीच न्हवं? पाणी किती येतंय खरं?"

मी टॅब उघडून त्यांच्यापुढं धरला. "गुडघ्याएवढं."

"मग काय काळजी न्हाय," ते म्हणाले आणि निर्धास्त होऊन उठले. लग्न झालं. गल्ली हिरवी पडली. मी जेवणावळीत श्रीखंड वाढत फिरले.

पुढच्या पावसाळ्यात नदी भरदुपारी गल्लीत शिरली. आक्का आणि पोरगा निपाणीत कामाला होते. रस्ता पाण्याखाली गेला, फोन लागेना. घरात नवी सून आणि अंथरुणाला खिळलेला आक्काचा सासरा, दोघंच. शेजारणी हाका मारत होत्या, चल म्हणत होत्या. ती म्हणाली, आप्पांना एकटं कसं टाकू, आमच्यात गुडघ्याएवढंच येतं. पाणी कमरेला लागल्यावर तिनं म्हाताऱ्याला उचलायला बघितलं. तिला तो पेलला नाही. होडी येईपर्यंत ती त्याचं डोकं वर धरून उभी होती. म्हातारा त्याआधीच गेला होता.

चौथ्या दिवशी मी टेप घेऊन गेले. ऑफिसनं फेरमोजणीला पाठवलं होतं, नाहीतर मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आक्का चुलीपाशी बसून होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सून दाराशी, हातात खिळा. गाळ अजून काढला नव्हता. तिनं ओल्या भिंतीवर स्वतःच्या छातीच्या वर रेघ ओढली, चुन्याचे पापुद्रे तिच्या पायांवर पडले.

"मावशी, मोजा," ती म्हणाली.

मी टेप लावला. ती हलली नाही.

"आप्पांच्या बाजेच्या पायांखाली दोन-दोन इटा लावल्या हुत्या मी. गुडघ्याएवढं म्हणल्यावर तेवढ्या पुरत्यात, असं वाटलं मला."