वास घेतलेलं फूल

बंगळूरच्या स्टेशनावर उतरलो आणि ट्रंक घ्यायला सवयीने मागे हात केला. मागे कुणी नव्हतं. सुमती मिरजेला अंथरुणाला खिळलेली. शहर तिच्या माहेरचं, आणि कचेरीच्या कामाने आलो होतो मी एकटा. निघताना ती म्हणाली होती, "नागलिंगाच्या फुलाचा फोटो तेवढा आणा. मी काही आता ते पुन्हा बघत नाही."

काम उरकल्यावर एका सकाळी लालबागेत गेलो. वाटेत इडली खाताना समोरच्या रिकाम्या खुर्चीवर कॅमेरा ठेवला होता.

नागलिंगाचं झाड मूळचं परदेशी. फुलं थेट खोडालाच लागतात. पाकळ्या जाड, गुलाबी. मधोमध पिंडीसारखा उंचवटा, त्यावर नागफणीसारखी झालर. हाताला येईल असं त्या दिवशी एकच उमललं होतं. माझा कॅमेरा साधा, डब्याचा. सहा फुटांच्या आत चित्र पुसट येतं. अंतर मोजून उभा राहिलो. ऊन आलं. फुलावर एक वाळकी काडी होती, ती काढायला पुढे गेलो, तेव्हा सुगंधाने आपोआप वाकलो.

"वास घेतलात, अण्णा?"

मागे परडी घेतलेली एक म्हातारी उभी होती. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातली.

"घेतला. का हो, अक्का?"

"मग देवाला कसं चालायचं ते? शिवाच्या आधी तुमचीच पूजा झाली की!"

मी ओशाळलो. फोटो कुणासाठी, ते सांगितलं.

"काढा मग. स्वल्प (थोडी) घाई करा, ऊन चाललं."

चाप दाबला. पुढे तो फोटो धुऊन आला, तेव्हा खोड स्वच्छ होतं आणि फूल तुरीच्या डाळीएवढं.

अक्कांनी फूल खुडून माझ्या ओंजळीत ठेवलं. "तिला द्या. म्हणावं, झाड आहे अजून."

ओल्या रुमालात गुंडाळून ते जेवणाच्या डब्यात ठेवलं. परतीच्या गाडीत हरिहर स्टेशनाला उघडून पाहिलं. पाकळ्या गळत होत्या. मग उघडलंच नाही.

घरी डबा सुमतीच्या हातात दिला, अक्कांचा निरोप सांगितला. काळवंडलेल्या पाकळ्यांवर वाकून तिने डोळे मिटले.

"आईची परडी," एवढंच म्हणाली.

तिचं शहर मी पायी हिंडून आलो होतो. पण तिथं पोचली ती. झाकण हातात धरून मी खाटेशेजारी बसून राहिलो, ती परत येईपर्यंत.