बंद चौकटीतली ओळ

कॉम्प्युटरला भूत लागलंय असं कुणी म्हटलं, की मी त्याला आधी रीस्टार्ट करायला सांगते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आता... वाचा आणि तुम्हीच ठरवा.

मी मूळची साताऱ्याची. सहा वर्षं बंगळुरात इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, वेबसाइटवरचे फॉर्म बनवते. आमच्याकडे टेस्टिंगला पद्माअक्का होत्या, बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरातल्या. आम्ही बांधलेलं मोडून दाखवणं हे त्यांचं काम, आणि ते त्या इतक्या मायेनं करायच्या की राग यायचा नाही. प्रत्येक चौकटीत त्या चाचणीचा मजकूर लिहायच्या आणि शेवटी कानडी 'सरी', म्हणजे 'ठीक', टाकायच्या. सर्व्हरवर 'सरी' दिसलं, म्हणजे मजकूर शेवटपर्यंत पोचला. इतकी साधी, इतकी पक्की युक्ती मला कधी सुचली नसती.

एका हॉस्पिटलसाठी मी ॲडमिशनचा फॉर्म केला. 'औषधाची ॲलर्जी आहे का?' याला 'हो' म्हटलं की खालची चौकट उघडायची, 'नाही' म्हटलं की करडी होऊन बंद. अक्कांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी मला बोलावलं.

"हे बघ स्वल्प," त्यांच्या कानडी वळणात 'स्वल्प' म्हणजे 'जरा'. "लिहून झाल्यावर चुकून 'नाही'ला बोट लागलं, तर मजकूर दिसतो, पण जात नाही."

खरं होतं. बंद चौकटीतलं ब्राउझर पुढे पाठवतच नाही. "अक्का, असं कोण करतं?" मी म्हटलं.

"कोणीतरी करतंच गं."

मी हो हो म्हटलं आणि विसरले.

चार महिन्यांनी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, बंगळुरातल्या त्याच हॉस्पिटलात; त्यासाठी ते माझ्याकडे राहायला आले. बाबा तहसील कचेरीतले निवृत्त कारकून. "अर्ज माझा मी भरणार," म्हणाले, आणि मी ऑफिसात असताना मोबाइलवर भरलाही. त्यांना पेनिसिलिन चालत नाही. मी शाळेत असताना एका इंजेक्शननंतर त्यांचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत. म्हणून मी दोनदा विचारलं. "लिहिलंय," एवढंच उत्तर.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आल्या. "ॲलर्जी?" त्यांनी बाबांना विचारलं.

"सब फॉर्म में लिखा है," बाबा म्हणाले. एकदा अर्जात लिहिलेलं तोंडी सांगायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

सिस्टरनी फाइल उघडली आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, इधर 'नो' है, नीचे पेनिसिलिन लिखा है. कौन सा सही?"

"नीचेवाला," मी म्हटलं. सिस्टरनी ट्रेमधली एक बाटली उचलून बाजूला ठेवली.

वर 'नाही' असेल, तर खालची ओळ त्या कागदावर असूच शकत नव्हती... कोड माझाच होता. ओळ अशी होती – 'पेनिसिलिनने श्वास अडकतो. सरी.'

बाबा शुद्धीवर आल्यावर मी विचारलं. "लिहिलं, मग कुठं तरी बोट लागलं आणि चौकट करडी झाली," ते म्हणाले. "मला वाटलं, शिक्का बसला." आणि सरी? "ते काय असतं?" बाबांना कानडीचं अक्षर येत नाही.

पुढचे दोन दिवस मी तोच फॉर्म, तोच कोड, बाबांचाच मोबाइल घेऊन बसले. एकदाही मजकूर गेला नाही. सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या, सहकाऱ्यांना दाखवलं. चूक कुणालाच सापडली नाही.

शेवटी बसवनगुडीला गेले. अक्का अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून हसल्या. "माझा लॅपटॉप तर तुम्हीच परत घेतलात की." मग हात थांबवून म्हणाल्या, "ती चौकट दुरुस्त केलीस?"

"केली."

"लिहून, मग 'नाही' दाबून बघितलंस?"

"बघितलं, अक्का." मला रडू आलं. त्यांनी शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही दोघी सोलत बसलो. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी कामाच्या जागी दुसरं पाहिलेलं नाही.

ती ओळ कशी गेली, मला आजही सांगता येत नाही. बाबा साताऱ्यात रोज फिरायला जातात. त्यांना यात विचित्र काहीच वाटत नाही. अर्जात लिहिलं होतं, म्हणतात.