काकासाहेबांच्या काळजाचं वय

पोळ्या लाटत होते, नळ जायच्या बेतात होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात शेजारचे काकासाहेब. एरवी हा माणूस आमच्या दारावरून जाताना मुद्दाम घसा खाकरतो; वाळूजच्या कारखान्यातले भरतीचे साहेब निघाले, हे गल्लीला कळायला नको? आज मात्र सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली आणि हातात ईसीजीची लांब पट्टी.

"वहिनी, तुम्ही बीएस्सी ना? हे जरा बघा."

काकासाहेब मूळचे पैठणकडचे. वाळूजला कारखाने आले तसे हे माणसं निवडायला गेटावर उभे राहिले. गावाकडून कामाला आलेल्या चाळिशीच्या माणसांना 'तुमचं वय झालं' म्हणून परत धाडायचे आणि संध्याकाळी ते आम्हाला कौतुकानं सांगायचे. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला, तेव्हा चौकात यांचं एकच भाषण ठरलेलं: एकदा कागदावर लिहिलं ते लिहिलं, बदलायचं नसतं. नामांतराच्या दंगलीत घर जळालेलं कुणी समोर आलं, की मात्र साहेबांना घड्याळ बघायची आठवण व्हायची.

यांचा स्वतःचा कागद म्हणतो, जन्म एक्केचाळीसचा, वय बावन्न. केस काळेभोर, कॉलरला कलपाचा डाग. पण रझाकारांच्या वेळी शेतात लपलेल्यांना भाकरी पोचवल्याची गोष्ट रंगात आली, की त्यात यांना मिसरूड फुटलेली असते. कागद खरा मानला तर तेव्हा हे सात वर्षांचे. शाळेत घालताना गुरुजी अंदाजानं जन्मसाल आणि एक जून लिहायचे, हे आमच्याकडे घरोघरी. यांच्या गुरुजींचा हात जरा जास्तच सैल.

कारखान्यातल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, या वयाला काळजातली वीज इतकी सुस्त चालणं बरं नाही. पुण्याला तपासण्या करा, तोवर घरी बसा.

मी त्यांना बसवलं, हात पुसले आणि समजावलं. काळजाच्या पेशीत क्षार आत-बाहेर होतात, त्यातून वीज उठते आणि या पेशीतून त्या पेशीत जाते. वय वाढतं तशा ठोका सुरू करणाऱ्या पेशी कमी होतात, मधे चिवट धागे वाढतात, लहर रेंगाळते. एकदा चेतलेली पेशी पुन्हा तयार व्हायलाही जास्त वेळ घेते.

"साठीला हे पुष्कळांचं असतं," मी म्हटलं. "बावन्नला दिसलं तर डॉक्टर आजार शोधणारच. माझा भाऊ पुंडलिक हृदयाचा डॉक्टर आहे, आज जेवायला येतोय. त्याला दाखवू. पण तो आधी वय विचारील."

काकासाहेब पट्टीची घडी घालू लागले. बावन्न म्हणावं तर काळीज आजारी, साठ म्हणावं तर अठ्ठावन्नच्या निवृत्तीनं नोकरी दोन वर्षांपूर्वीच संपलेली. गेटावर गावभरच्या माणसांची वयं ठरवणाऱ्याला स्वतःचं एक ठरवता येईना. मला हसू आवरेना. चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

आतून पाहिलं तर ते मनगटावर बोटं ठेवून बसले होते. मधेच बोटं उचलायचे, पुन्हा ठेवायचे. मग मी चहात साखर जरा जास्त घातली.

कप हातात घेताना साहेबी मराठी गळून पडली होती. "छाती फाडतेत का वो पुण्याला?"

"आधी पुंडलिकला बघू द्या."

त्यांनी बोटानं चहावरची साय बाजूला केली.

"वहिनी, पुंडलिकरावांना माझं खरं वय तेवढं तुम्ही सांगा. साठ. माझ्या तोंडून निघत नाय."