काका, शपथेवर

निघायच्या दिवशी आईने हातावर दही ठेवलं, देवाला नमस्कार झाला, आणि मी गाडी विमानतळाआधी भोसरीकडे वळवायला लावली. बाबा चिडले. "विमान काय तुझ्या मामाचं आहे, थांबायला?" पण पाटणकरकाकांच्या वर्कशॉपमध्ये मी पाच वर्षं डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवल्या होत्या आणि अनुभवाचं सर्टिफिकेट तेवढं घ्यायचं राहिलं होतं.

काकांना ते मागणंच झोंबलं. "सर्टिफिकेट नोकराला देतात. तू काय नोकर आहेस?" शेवटी लेटरहेडवर दोन ओळी खरडून दिल्या. पहिलीत माझं काम, दुसरीत इंग्रजीतून, की ही आम्हाला मुलीसारखी आहे. गाडीत मला ती ओळ वाचून रडू आलं. मी शिंदे, ते पाटणकर. दूरचंही नातं नाही. काम मागायला आले तेव्हा मुलगी आणि मशिनवर, म्हणून बाकीचे हसले होते, काका हसले नव्हते. आमचं नातं तिथून सुरू झालं.

मेलबर्नला uni, म्हणजे युनिव्हर्सिटी, झाली, आणि डँडेनॉन्गला ग्रेगच्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथे प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड बनतात. मशिनच्या तेलाचा वास भोसरीचाच, फक्त पंधरा माणसांत मराठी मी एकटी. ग्रेगला माझं काम आवडलं, त्याने मला स्पॉन्सर केलं. व्हिसासाठी आधीचा अनुभव सिद्ध करायचा होता, म्हणून व्हिसा खात्याच्या एका ऑफिसरने भोसरीला फोन लावला. काकांनी नंतर मला अभिमानाने सांगितलं, "मी ठणकावून सांगितलं त्यांना. नॉट एम्प्लॉयी. माय ओन डॉटर!"

आता अर्जाचं काय होणार हे मला दिसत होतं, पण फोनवर मी "थँक्यू काका" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नकाराची ईमेल arvo ला, म्हणजे दुपारी, चहाच्या सुट्टीत आली. अर्जदार तिथे कर्मचारी नव्हती, आणि साक्ष देणारे तिचे नातेवाईक आहेत. नात्याचा पुरावा म्हणून मीच जोडलेल्या जुन्या ईमेल होत्या. त्यातल्या 'प्रिय काका'चं भाषांतर अधिकृत भाषांतरकाराने 'वडिलांचे भाऊ' असं केलं होतं. शब्दकोशाप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

माझी मायग्रेशन एजंट हरप्रीत कपाळाला हात लावून म्हणाली, "आप लोग बॉस को चाचा क्यों बोलते हो?" मी म्हटलं, "और आप पंजाबियों का हर टॅक्सीवाला 'पाजी', बडा भाई, कैसे होता है?" ती हसली, आणि अपिलाची फाइल उघडली.

अपील म्हणजे मुख्यतः वाट बघणं. निकाल लागेपर्यंत ब्रिजिंग, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर राहायचं, काम करायचं. हरलो तर बॅगा भरायच्या. त्या काळात मी नवा पडदासुद्धा घेतला नाही. ग्रेग रोज म्हणायचा, "No worries, mate." त्याला कसल्या worries? तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इथे आलेत त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलेत त्यांना मी फोनवर "सगळं मजेत" म्हणत होते, त्याची आता माफी मागते.

काकांनी माळ्यावरून पाच वर्षांची हजेरीची मस्टर काढून त्यांचे फोटो पाठवले. पीएफचे कागद बाबांनी मिळवले. राहिली होती काकांची साक्ष, आणि त्यांनी काय सांगायचं हे मला त्यांना समजावावं लागलं. नातं नाही म्हणायचं. पगारी कामगार होती म्हणायचं. खरं तेच सांगायचं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढंच ना?"

सुनावणीत काका व्हिडिओवर होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मागे बंद लेथ. शपथ झाली. निकाल देणाऱ्या, ट्रिब्युनलच्या मेंबरबाईंनी विचारलं, ही तुमची कोण? काकांनी कॅमेऱ्यात पाहिलं नाही. म्हणाले, "कोणी नाही. नोकर होती. पगारावर." दुभाष्याने 'employee' म्हटलं. इंग्रजीत त्या शब्दाला काहीच धार नव्हती. ती फक्त काकांना आणि मला लागली.

निर्णय माझ्या बाजूने लागला, प्रकरण फेरविचाराला व्हिसा खात्याकडे परत गेलं, आणि काही महिन्यांनी व्हिसा आला. पहिला फोन आईला, दुसरा काकांना. "अभिनंदन," काका म्हणाले. "तुम्ही नाव काढलंत."

तुम्ही! मला वाटलं थट्टा करताहेत. पण पुढच्या फोनलाही तेच, दिवाळीलाही तेच. तुम्ही जेवलात का, तुमची तब्येत कशी आहे. इथे ग्रेगपासून मेंबरबाईंपर्यंत सगळ्यांना मी you आहे आणि ते सगळे मला you आहेत. या भाषेत कोणाला असं दूर लोटताच येत नाही. मराठीत येतं. मी व्हिसा जिंकले होते आणि 'तू' घालवून बसले होते, आणि त्यावर अपील कुठे करायचं हे हरप्रीतलाही ठाऊक नव्हतं.

या डिसेंबरात पुण्याला गेले. तिसऱ्याच दिवशी भोसरी गाठली. "या, बसा," काका म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली. मला त्या वर्कशॉपमध्ये पाच वर्षांत कोणी खुर्ची दिली नव्हती. चहा आला, तोही बशीत बिस्किटं ठेवून, पाहुण्याला देतात तसा. मला ते सहन होईना. कप ठेवून उठले, ग्राइंडरपाशी डायमध्ये बसणारा, अर्धवट घासलेला पंच पडला होता तो उचलला आणि बटण दाबलं. ठिणग्या उडाल्या.

"ए शहाणे!" मागून काका गरजले. "गॉगल कोण घालणार, तुझी ती मेंबरबाई?"

मी मशीन बंद केलं. काका तावातावाने आले, स्वतःच्या कपाळावरचा गॉगल काढून माझ्या हातात कोंबला, आणि म्हणाले, "शपथेवर खोटं बोलायला लावलंस मला." मी सॉरी म्हणाले. "कर आता तो पंच पुरा," ते म्हणाले.

आता घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी डँडेनॉन्ग सांगते, तिथे नवे पडदेही लावलेत. पण अजून भोसरीत कोणीतरी मला ओरडतं, तेही एकेरीत. तो पंच मी पुरा केला. काकांनी मोजून पाहिला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर होता.