ताईंच्या वाट्याचा धूर

जगाचा धूर कमी करायची जबाबदारी एकाच माणसावर टाकायची झाली, तर ती आमच्या साडूबुवांवर टाकावी. ते ती आनंदाने घेतील आणि संध्याकाळच्या आत शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून मोकळे होतील. सिंदी मेघेच्या त्यांच्या घरी उदबत्तीसुद्धा अर्धी मोडून लावतात. ऑटोत बसले की रेल्वे फाटकापाशी पुढे वाकून ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावतात. लग्नात फटाके वाजले की वधूपित्याला गाठून हा धूर कुणाच्या नावावर, असं विचारतात आणि अक्षता पडायच्या आत त्याच्या हातात कडुनिंबाचं रोप ठेवतात. माणूस लाखाचा, पण ते समोरून येताना दिसले की लोक चालू मोटरसायकल बंद करून ढकलत नेतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कार्बनच्या बाजाराबद्दल कुठंतरी वाचलं. प्रत्येकाला धुराचा वाटा ठरवून द्यायचा आणि ज्याचा धूर जास्त, त्यानं कमी धूर करणाऱ्याकडून त्याचा उरलेला वाटा विकत घ्यायचा. झालं, घरात बाजार सुरू. घरात माणसं दोनच, ते आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. महिन्याचं पेट्रोल दोघांत सारखं वाटलं गेलं. ताई फारशा घराबाहेर पडत नसत, म्हणून त्यांचा वाटा उरे. साडूबुवांचा मात्र पहिल्याच आठवड्यात संपे, कारण धूर कमी करा हे सांगायला त्यांना स्कूटरनं आर्वीच्या कॉलेजात जावं लागे. मग ते ताईंचा वाटा घेत आणि बदल्यात तुरीच्या शेंगा सोलून देत. सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, मात्र झकास काढायचे.

एकदा त्यांना नागपूरला जायचं होतं आणि ताईंचाही वाटा संपला होता, तेव्हा त्यांनी परसात कडुनिंब लावून तो प्रवास त्या झाडाच्या नावावर घातला. झाड बकरीनं खाल्लं, पण नागपूर तर होऊन गेलं होतं. यात धूर नेमका कुठं कमी झाला, असं मी विचारलं.

"भाऊ, कमी तर नाई झाला," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पण हिशोब जुळून राह्यला."

मोठ्या देशांचे बाजार कसे चालतात ते मला नीट ठाऊक नाही. काही ठिकाणी धूर खरंच घटला म्हणतात, कारण तिथं एकूण वाटाच दरवर्षी थोडा थोडा कापतात. साडूबुवांच्या बाजारात वाटा फक्त या खिशातून त्या खिशात जाई.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. साडूबुवांनी सुपात शेंगा घेतल्या आणि आर्वीसाठी ताईंचा वाटा मागितला. ताई वाढता वाढता थांबल्या. त्यांची शाळेपासूनची मैत्रीण आर्वीला राहायची. तिला एकदा भेटून यायचं, असं त्या वर्षभर म्हणत होत्या आणि आम्ही सगळेच हो हो करत होतो.

"तुमी माह्याच धुरावर आर्वीले जाता," त्या शांतपणे म्हणाल्या. "मांगची सीट रिकामीच राह्यते. मंग मले काऊन नाई नेत?"

स्कूटरवर एक बसला काय नि दोघं बसले काय, धूर तेवढाच. साडूबुवांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताईंना घेऊन आर्वीला गेले. मैत्रिणीच्या दाराला कुलूप होतं. मुलगा तिला दिवाळीनंतर पुण्याला घेऊन गेला, आता ती तिकडंच राहणार, असं शेजारणीनं सांगितलं. ताई थोडा वेळ त्या ओट्यावर बसल्या आणि मग चला म्हणाल्या. हे मला साडूबुवांनीच सांगितलं. मलाही फार वाईट वाटलं.

त्यानंतर बाजार बंद पडला. ताई मागं बसल्याशिवाय स्कूटर काढायची नाही, असा साडूबुवांनी नियम केला आहे, आणि ताईंना हल्ली कुठं जावंसं वाटत नाही. स्कूटर चादरीखाली उभी असते. भाषणाला साडूबुवा एसटीनं जातात. त्या घरचा धूर आता खरोखर कमी झाला आहे, पण तो कसा झाला, हे ते कुठल्याच भाषणात सांगत नाहीत.